साडेसतरा स्क्वेअर फुटांचं संस्थान

मुंबई-ठाण्याच्या वन बीएचके फ्लॅटमध्ये रिकामा कोपरा नावाची गोष्ट नसते. असतो तो ‘सध्या रिकामा’ कोपरा. आज तिथे काही नाही, उद्या शू-रॅक येणार, परवा मिक्सरचा रिकामा खोका. दिवाळी उलटली की इथे एक कोपरा होता, हेसुद्धा घरातले विसरून जाणार. अशा घरात कुणी ‘मला शिवणकामासाठी वेगळी जागा हवी’ म्हणालं, तर समोरचा आधी हसतो आणि मग फ्लॅटचा रेट सांगतो. हो की नाही?

इंटिरिअरच्या चकचकीत मासिकांत ‘क्राफ्ट रूम’चे फोटो असतात, ते बघून तर मला गंमतच वाटते. पांढरंशुभ्र टेबल, फिक्या गुलाबी रंगाची रिळं, काचेच्या बरणीत एकाच मापाची बटणं, शेजारी फुलदाणी. जमिनीवर कापडाचा एक कपटा नाही, सुतळीएवढा दोरा नाही. त्या टेबलावर कुणी कधी टीप मारली असेल, यावर माझा तरी विश्वास बसत नाही. आणि त्या खोलीचा आकार बघावा, तर आमचा अख्खा हॉल-किचन त्यात बसेल!

तर मंडळी, हा लेख त्या खोलीबद्दल नाही. तो आहे आमच्या ठाण्याच्या हॉलमधल्या पाच फूट बाय साडेतीन फूट जागेबद्दल. गुणाकार केलात तर साडेसतरा स्क्वेअर फूट. बजेट सहा हजार रुपये, पै जास्त नाही. आणि या संस्थानाच्या महाराणी म्हणजे माझ्या सासूबाई.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आईंचं (सासूबाईंना मी आईच म्हणते) लग्नानंतरचं सगळं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलं. दहा बाय बाराची खोली, बाहेर कॉमन गॅलरी. ती चाळ रीडेव्हलपमेंटला गेली. टॉवर उभा राहीपर्यंत तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची होती. एकटीने भाड्याने कशाला राहायचं, आमच्याकडेच या, असं आम्ही म्हटलं आणि आई ठाण्याला आल्या. भांडीकुंडी नणंदेकडे गेली. आमच्याकडे आल्या दोन बॅगा, देव्हारा आणि एक शिवणाचं मशीन. ‘उषा’चं, पायाने चालवायचं, काळं, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. १९७९ साली हप्त्यावर घेतलेलं.

दुसऱ्याच दिवशी आई म्हणाल्या, “हे उगाच आणलं गं मी. भंगारवाल्याला देऊन टाका. तुमच्या हॉलची शोभा जाते.”

आणि माझा नवरा लगेच म्हणाला, “बरोबर बोलतेस तू. काढूनच टाकू.”

मला तेव्हा जरा चमत्कारिकच वाटलं. शाळेच्या जुन्या वह्यासुद्धा न टाकणारा हा माणूस आईचं मशीन विकायला इतका उतावीळ का? त्याचं उत्तर त्या रात्री मिळालं.

माझे सासरे परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. गिरण्यांचे भोंगे हळूहळू थांबले आणि लालबाग-परळच्या हजारो घरांत पगार नावाची गोष्ट संपली. आमच्या घरात तो पगार या मशीनने काढला. परकर, ब्लाऊज, शाळेचे युनिफॉर्म, उशांचे अभ्रे. एका ब्लाऊजचे पाच रुपये. सासऱ्यांना पुढे वॉचमनची नोकरी लागली, पण मशीन काही थांबलं नाही. माझा नवरा संपानंतर पाच वर्षांनी जन्मला. त्याची शाळेची फी, क्लासची फी, इंजिनीअरिंगची फी, सगळी याच पट्ट्यावरून फिरून आली.

“मला तो आवाज ऐकला ना, की फी भरायची शेवटची तारीख आठवते,” तो म्हणाला. “रात्री दीड वाजता टकटकटकटक चाललेलं असायचं. आता कशाला ते पुन्हा? तिने आता आराम करावा.”

त्याचं म्हणणं मला कळलं. पण आईंचं काय? त्यांना कुणी विचारलं होतं? त्या दोन बॅगा तीन आठवडे झाले तरी बेडखाली तशाच होत्या. मी कपाटात दोन कप्पे रिकामे करून दिले, तरी रोजचे कपडे बॅगेतून काढायच्या आणि वाळले की पुन्हा बॅगेत. पाहुणा जसा राहतो ना, तसं. सकाळी पेपर, दुपारी टीव्ही, संध्याकाळी “मी काही चिरून देऊ का?”

आणि मग मला आमच्याच घरातली एक गोष्ट खटकली. २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, तेव्हा नवऱ्याला वर्क फ्रॉम होम आलं. चार दिवसांत बेडरूममध्ये टेबल, कंबरेला आधार देणारी खुर्ची, दिवा, एक्स्टेन्शन बोर्ड असा सगळा थाट उभा राहिला. जागा कुठून आणणार, असा प्रश्न कुणालाच पडला नाही. काम म्हटलं की जागा लागणारच! मग चाळीस वर्षं ज्या यंत्राने घर चालवलं, त्यावर चादर टाकून सेट-टॉप बॉक्स ठेवायचा, हा कुठला न्याय? आमच्या घरात सगळ्यांना झोपायला जागा होती. काम करायला जागा फक्त एकाला होती.

मी आईंना सरळ विचारलं, “आई, तुम्हाला शिवायचंय का? खरं सांगा.”

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “नजर अजून चांगली आहे माझी.”

म्हटलं, झालं. उत्तर मिळालं.

जागा : एक यंत्र गेलं, दुसरं आलं

हॉलच्या खिडकीशी आमची एक एक्सरसाइज सायकल होती. नवऱ्याच्या एका नववर्षाच्या संकल्पाची समाधी. तिच्या हँडलवर टॉवेल वाळायचे आणि सीटवर इस्त्रीचे कपडे बसायचे. ती सोसायटीतल्याच एका उत्साही तरुणाला अडीच हजाराला विकली. पायाने चालवायचं एक यंत्र गेलं आणि त्या जागी पायाने चालवायचं दुसरं आलं. फरक इतकाच, की दुसऱ्यातून काहीतरी तयार होऊन बाहेर पडतं.

मोकळी झालेली जागा भिंतीलगत पाच फूट लांब. आमच्या मशीनचं टेबल तीन फूट लांब, दीड फूट रुंद. ते भिंतीला लावलं, पुढे बसायला दोन फूट ठेवले. राहिले भिंतीचे दोन फूट. त्या दोन फुटांचं काय केलं ते पुढे सांगते, कारण सगळी करामत तिथेच आहे.

मशीनचं तोंड कुठे करायचं, याचा एक साधा फंडा आहे. प्रकाश डावीकडून आला पाहिजे. शिवणयंत्राचा जाड दांडा सुईच्या उजव्या बाजूला असतो. उजवीकडून उजेड आला, तर त्या दांड्याची सावली नेमकी सुईवर पडते. आमची खिडकी डावीकडे आली आणि दिवसाच्या दिव्याचा खर्च वाचला.

रात्रीसाठी टेबलाला चिमट्याने अडकवायचा, मान वळवता येणारा दिवा घेतला. साडेपाचशे रुपये. त्यात नऊ वॅटचा एलईडी बल्ब, शंभर रुपये. बल्ब घेताना खोक्यावरचा आकडा वाचा. ३००० केल्व्हिनचा बल्ब पिवळा असतो. सोफ्याशेजारी छान दिसतो, पण त्याच्या उजेडात काळं आणि नेव्ही ब्लू सारखंच दिसतं, पांढरं आणि मोतिया यातला फरक कळत नाही. शिवणाला ६५०० केल्व्हिनचा, पांढऱ्या उजेडाचा बल्ब हवा.

भिंतीच्या रंगाचंही तेच. मला मस्त मोरपंखी भिंत करायची होती. आई हळूच म्हणाल्या, “भडक भिंत असली, की तिचा रंग कापडावर सांडतो.” पटलं. एक लिटर पांढरा रंग, चकाकी नसलेला, आणि एक रोलर. चारशे ऐंशी रुपये. रविवारी सकाळी मी आणि नवऱ्याने मिळून भिंत रंगवली. नवरा रंगवत होता, पण चेहऱ्यावर ‘मी फक्त मदत करतोय, माझा पाठिंबा समजू नये’ असा भाव होता.

उंची : चौतीस म्हणजे चौतीस

आता ते दोन फूट. कापड बेतायला सपाट, मोठी जागा लागते. आईंनी आयुष्यभर जमिनीवर बसून, वाकून बेतलं. आता गुडघे ऐकत नाहीत. डायनिंग टेबलवर बेतावं, तर जेवणाच्या वेळी सगळं उचला. आणि शिवणाऱ्या कुणालाही विचारा, अर्धवट बेतलेलं कापड उचलून ठेवणं म्हणजे अर्धवट लाटलेली पोळी पुन्हा गोळा करण्यासारखं. म्हणून भिंतीला मुडपणारं टेबल करायचं ठरलं. रेल्वेच्या बर्थसारखं. हवं तेव्हा खाली, नको तेव्हा भिंतीला उभं.

माप आलं ते पन्ह्यावरून. सुती कापडाचा नेहमीचा पन्हा ४४ इंच. बेतताना कापड मध्ये दुमडतात, म्हणजे राहिले २२ इंच. त्यासाठी दोन फूट रुंदी पुरते, वर दोन इंच कात्री ठेवायला. लांबी चार फूट. म्हणजे भिंतीला फक्त दोन फूट लागतात, पसरतं ते हॉलमध्ये, आणि तेही काम असेल तेवढाच वेळ. आमच्या मजल्यावर एका फ्लॅटचं काम चाललं होतं, तिथल्या सुतारदादांकडे १९ मिलिमीटर प्लायचा उरलेला तुकडा मिळाला, नऊशेला. बिजागऱ्या, कडी आणि पुढे आधाराला मुडपता पाय असं पाचशेचं सामान. मजुरी आठशे.

सुतारदादांनी भिंतीवर तीस इंचांवर पेन्सिलची रेघ मारली. टेबल म्हणजे तीस इंच, हे त्यांचं ठरलेलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पुढे आल्या, भिंतीशी ताठ उभ्या राहिल्या, हात कोपरात वाकवला आणि कोपराच्या चार बोटं खाली नख टेकवलं.

“इथे. चौतीस.”

“मावशी, स्टँडर्ड तीस असतं.”

“बसून लिहायला तीस. मी उभी राहून बेतणार. तीसवर केलंत तर माझी कंबर तुम्ही चोळून देणार का?”

दादा हसले, रेघ पुसली, चौतीसवर मारली. आमच्या घरात येऊन महिना होत आला होता. आईंनी पहिल्यांदा कुणाला काहीतरी ठणकावून सांगितलं. मी आत जाऊन उगाचच चहा टाकला.

तुमच्यासाठी टीप : चौतीस हा आकडा पाच फूट उंचीच्या आईंचा. तुम्ही आपला कोपर वाकवा, तीन-चार इंच खाली या, तो तुमचा आकडा. उभ्याने काम करताना वाकावं लागलं नाही म्हणजे बरोबर.

टेबल भिंतीला उभं केलं, की त्याची खालची बाजू समोर येते. तिथे आम्ही कालनिर्णय टांगलंय. त्यात आई ‘ब्लाऊज – शुक्र.’ असं पेन्सिलने लिहून ठेवतात. पण ते नंतरचं.

मशीन : खोबरेल तेल नको

सगळ्यात आधी करायची गोष्ट म्हणजे मशीनची सर्व्हिसिंग. सजावटीवर तीन हजार घालायचे आणि मशीन जाम, याला काय अर्थ? जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत विचारत विचारत एक मशीन दुरुस्त करणारे काका सापडले. घरी आले, मुंडकं उघडून साफ केलं, नवा पट्टा टाकला, शटल पुसून लावलं. सातशे रुपये. त्यांनी सांगितलं, की त्यांच्याकडे येणारी निम्मी जाम मशीनं ही घरातलं खोबरेल तेल घातल्यामुळे येतात. ते तेल घट्ट होऊन चिकटतं. मशीनचं पातळ तेल वेगळं मिळतं, त्याचे दोन-दोन थेंब पुरतात. तेल घातल्यावर आधी चिंधीवर चार टिपा मारायच्या, म्हणजे जास्तीचं तेल त्या चिंधीला लागतं, कापड वाचतं.

सुईचंही तसंच. पातळ मलमल, जॉर्जेटला अकरा नंबर, रोजच्या सुती कापडाला चौदा, जीन्ससारख्या जाड कापडाला सोळा. सात-आठ तास शिवून झालं, की सुई बदलायची. बोथट सुई टिपा सोडते आणि आपण बिचाऱ्या दोऱ्याला शिव्या घालतो.

काका जाताना म्हणाले, “आजी, मोटर बसवून देऊ? चौदाशे. पायाला त्रास नको.”

आई म्हणाल्या, “नको. पाय थांबले तर मग मी काय शिवणार?”

एक आठवडा पायानेच चालवलं. आठव्या दिवशी गुडघ्याला मलम चोळताना म्हणाल्या, “ते मोटरवाले काका कुठे बसतात गं?” मोटर आली. पहिल्या दिवशी पॅडलवर पाय ठेवला आणि मशीन असं काही धावलं, की आई दोन्ही हात वर करून बसल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र अशा सराईत, की विचारू नका. पायाच्या अंगठ्याने गाडीचा वेग सांभाळावा तसं.

मोटरमुळे आणखी एक झालं. तो आवाज बदलला. टकटकटकटक गेलं आणि बारीक घर्रर्र आलं. नवऱ्याने हे बोलून दाखवलं नाही, पण संध्याकाळी मशीन चालू असताना तो आता हेडफोन न लावता हॉलमध्ये बसतो. मशीनच्या चारही पायांखाली जुन्या योगा मॅटचे तुकडे दुमडून ठेवलेत, म्हणजे खालच्या मजल्यावर हादरे जात नाहीत. (योगा मॅट कुणाची, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेलच.)

सजावट : घरातलंच, पण ठरवून

आता तुम्ही म्हणाल, अहो, डेकोरेशन कुठे आहे? तर ते हे.

दोऱ्यांची रिळं ठेवायला बाजारात सुंदर रॅक मिळतात, पण बजेट? प्लायचाच एक तुकडा उरला होता, तीन फूट बाय दीड फूट. नवऱ्याने एका शनिवारी त्यावर फूटपट्टीने आखून ऐंशी खिळे ठोकले, जरा वरच्या बाजूला तिरपे, म्हणजे रीळ घसरत नाही. खिळे आणि रंगाची छोटी डबी मिळून एकशे वीस रुपये. हे काम करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ती फळी मशीनच्या वर लागली आणि आईंनी त्यांचा पत्र्याचा डबा उघडला. चाळीस वर्षांची रिळं. त्यांनी ती रंगाप्रमाणे लावली : पिवळ्यापासून केशरी, लाल, राणी, जांभळा, निळा, हिरवा. वर पांढरी, खाली काळी. खरं सांगते, कुठलीही पेंटिंग त्या भिंतीवर इतकी सही दिसली नसती.

बटणं, हुक, प्रेस बटणं कॉफीच्या रिकाम्या बाटल्यांत. बाटल्या पारदर्शक हव्यात, म्हणजे शोधायला लागत नाही. टाचण्यांसाठी बंद पडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक स्टीलच्या वाटीखाली चिकटवलं. टाचणी लांबून टाकली तरी वाटीत जाऊन बसते, आणि अनवाणी घरात हे फार महत्त्वाचं. इस्त्रीसाठी जुनं ब्लँकेट चौघडी करून त्यावर सुती अभ्रा. खुर्ची डायनिंगचीच, उशीला दीडशेचा फोम आणि वर उरलेल्या तुकड्यांचं, गोधडीसारखं जोडलेलं कव्हर. खिडकीला आईंच्या विरलेल्या सुती साडीचा पडदा, काठ खाली आलेला.

आणि एक गोष्ट, जी मासिकांत कधी दिसत नाही : कपट्यांचा डबा. टेबलाच्या उजव्या हाताला, उघडा. तो नसला, की कपटे हॉलभर. मोठे तुकडे गोधडीला, बारीक तुकडे उशीत भरायला.

हिशोब देते. सर्व्हिसिंग ७००, मोटर १,४००, दिवा आणि बल्ब ६५०, टेबल २,२००, खिळ्यांची फळी १२०, रंग ४८०, फोम १५०. एकूण ५,७००. उरलेल्या तीनशेत सुया, बॉबिन आणि मशीनचं तेल. सायकलचे अडीच हजार वजा करा, म्हणजे खिशातून गेले साडेतीन हजार. एका वीकेण्डला दोघांनी मॉलमध्ये जाऊन सिनेमा आणि जेवण केलं, की यातला बराचसा भाग सहज उडतो.

आणि मग

मला वाटलं होतं, आई विरंगुळा म्हणून दोन पिशव्या शिवतील. कसलं काय! तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकू ऑनलाइन मागवलेली कुर्ती घेऊन आल्या, दोन्ही बाजूंनी ढगळ. मग वरच्या मजल्यावरची मुलगी ब्लाऊजच्या बाह्या वाढवायला. मग साडीला फॉल. मग कुणाच्या तरी बाळाची झबली. आईंनी मला हिंदमातेला अस्तर आणायला पाठवलं आणि बजावून सांगितलं, “दोरा घेताना कापडाचा तुकडा घेऊन दुकानाबाहेर उन्हात ये. नेमका रंग मिळाला नाही, तर एक छटा गडद घे, फिका नको. टीप मारली की दोरा उजळ दिसतो.” एमबीएमध्ये मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

पैशांवरून मात्र एकदा ठिणगी पडलीच. आईंनी काकूंकडून कुर्तीचे शंभर रुपये घेतले. नवरा अस्वस्थ. “आई, आता कशाला पैसे घेतेस? लोकांना काय वाटेल? मी कमावतो ना!”

आईंनी मशीन थांबवलं. चष्मा काढला.

“तू कमावतोस ते तुझं. फुकट शिवलं की लोक माप नीट देत नाहीत आणि नेल्यावर नावं ठेवतात. पैसे दिले की नीट बोलतात. तेव्हा गरज होती म्हणून शिवलं, हे खरं. पण मला शिवता येतं म्हणून शिवलं, हेही खरं आहे ना रे? तू फक्त पहिलंच लक्षात ठेवलंस.”

यावर तो काही बोलला नाही. मीही नाही. पण रात्री पाणी प्यायला उठले, तर हा त्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभा. मशीनचं मुंडकं आत मुडपून वर सपाट टेबल झालेलं होतं, त्यावर हात फिरवत होता. चाळीत हेच त्याचं अभ्यासाचं टेबल होतं. बारावीपर्यंत. दिवसा आईचं, संध्याकाळी दोन तास त्याचं, रात्री पुन्हा आईचं.

तुम्हाला सांगते, शिवणयंत्राचा इतिहासही गमतीशीर आहे. आयझॅक सिंगर यांना त्यांच्या यंत्राचं पेटंट १८५१ मध्ये मिळालं आणि त्याच दशकात त्यांच्या कंपनीने ते हप्त्यावर विकायला सुरुवात केली. कारण साध्या घरातल्या बाईला एकरकमी परवडणार नव्हतं. यंत्रांच्या हव्यासावर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मधल्या एका संवादात शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं. घरातल्या बाईच्या हातात आलेलं, तिच्या नावावर कमाई करून देणारं हे बहुधा पहिलं यंत्र. आणि तेच कायम दाराआड, पलंगामागे, चादरीखाली!

म्हणून शिवणाचा कोपरा सजवायचा असेल, तर माझं एकच म्हणणं आहे. पैसे कमी असू द्या, जागा कमी असू द्या, पण ती कायमची असू द्या. काढा-घाला नको. दरवेळी बाहेर काढावं लागणारं मशीन महिन्यातून एकदा निघतं, मग वर्षातून एकदा, मग भंगारात. जे समोर उभं आहे, त्याच्यापाशी माणूस जाता-येता बसतो. तुमच्या घरात सासूबाई नसतील आणि शिवणारे तुम्ही स्वतःच असाल, ऑफिसनंतर यूट्यूबवर बघून कुर्ता शिकत असाल, तरी हेच. दोन फूट भिंत, चार फुटांचं मुडपतं टेबल, डावीकडून उजेड. बस्स.

आईंच्या त्या दोन बॅगांपैकी एक आता माळ्यावर गेली. दुसरीत शिवायला आलेले कपडे असतात, प्रत्येक पिशवीला नावाची चिठ्ठी. लालबागचा टॉवर सध्या चौथ्या मजल्यापर्यंत आलाय. तिथे गेल्यावर हॉलमध्ये खिडकी कुठल्या बाजूला येणार, याची चौकशी आईंनी प्लॅन मागवून केली.

चाळीत पाहुणे आले, की आई हातातलं काम टाकून उठायच्या, मुंडकं आत मुडपायच्या आणि मशीनचा चहाचा टीपॉय व्हायचा. परवा आमच्याकडे नवऱ्याचे साहेब सहकुटुंब आले. आईंनी मान वर केली, छान हसल्या आणि म्हणाल्या, “या, बसा. एवढी बाही जोडून होऊ दे, आलेच.”

साहेब बसले. काय करतील!